मास्तरांच्या अंगणातले सव्वीस दिवे

मिरग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तर गोव्यातल्या मांद्र्याहून फोन आला. "अरे, पाऊस पडला की आमच्या घरची वीज जाते. शेजाऱ्यांची असते, आमचीच जाते. एकदा येऊन बघ." बोलणारे मास्तर. सातवीत त्यांनी मला त्रैराशिक शिकवलंय, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणायची सोय नव्हती.

म्हापशात माझं बाहेरच्या दिव्यांचं छोटं काम आहे. बागा, कुंपणं, देवळांची आवारं, असलं. हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण घरच्या बागेत होण्यासारख्या बहुतेक चुका इथे एकाच आवारात भेटल्या. त्यांतली एक माझी होती, तीही सांगतो.

घर आणि आवार

जुनं कौलारू घर, समोर पडवी, पडवीला दोन्ही बाजूंनी सोपे. पुढे तुळशीवृंदावन. आवार नऊशेएक चौरस मीटरचं, भोवती कमरेच्या वर जाणारा चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, गडगा. पडवीच्या तीन पायऱ्या उतरलं की फाटकापर्यंत बावीस मीटरची वाट. वाटेच्या उजव्या हाताला विहीर आणि फणस, डाव्या हाताला सात माड, आणि मागच्या कोपऱ्यात एक म्हातारं भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, झाड. समुद्र पश्चिमेला, मधे शेतं आणि सुरूची रांग. लाट दिसत नाही, पण खारं वारं रोज घरात येऊन जातं.

घरात दोघंच. मास्तर आणि माई. सगळी वाडी त्यांना माईच म्हणते. मुलगा पुण्याला. दोन वर्षांपूर्वी पायरीवर फुरसं निघालं. पुढे एका संध्याकाळी माई शेवटची पायरी चुकून पडल्या, मनगट मोडलं. मुलगा घाबरला आणि लांब राहणारी मुलं जे करतात तेच त्याने केलं. पुण्याहून दिव्यांची पार्सलं येऊ लागली.

मी मोजले. कौलांखालच्या भिंतीवर पन्नास-पन्नास वॅटचे दोन फ्लड, म्हणजे रुंद झोताचे मोठे दिवे. एलईडीचेच, पण गावात त्यांना अजून हॅलोजनच म्हणतात. फाटकाच्या खांबांवर आणि गडग्यावर दुधी काचेचे चार गोळे. मातीत खोचलेले सोळा सौर दिवे. तीन स्पाइक लाइट, म्हणजे जमिनीत खिळ्यासारखे रोवायचे विजेचे दिवे. आणि एका माडाला बुंध्यापासून वर गुंडाळलेली रंग बदलणारी पट्टी, मधे मधे खिळे मारून. एकूण सव्वीस.

त्या पट्टीची एक गंमत. पाडेली नारळ काढायला आला, पट्टी बघितली आणि म्हणाला, या माडावर मी चढत नाही, आधी वायर काढा. वायर कुणी काढली नाही. म्हणून त्या एका माडाचे नारळ आपोआप पडत होते, आणि पडताना खालचे दिवे फोडत होते. सोळा सौर दिव्यांपैकी चार असे गेले.

वीज का जायची

पडवीतल्या बोर्डावर ३० मिलिअँपची आरसीसीबी होती आणि पाऊस आला की तीच पडायची. आधीच्या माणसाने त्यावर सुचवलेला उपाय असा की ही काढून टाकूया, कटकट संपेल. मास्तरांनी विचारलं, ती नक्की करते काय? त्याला सांगता येईना. मग मास्तरांनी काढू दिली नाही. या प्रकरणात कुणाचा जीव गेला नाही तो त्या एका प्रश्नामुळे, असं मला खरंच वाटतं.

आरसीसीबी काय करते हे मी त्यांना असं सांगितलं: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघत असते. मधे कुठे तो मातीत गळला, किंवा माणसाच्या अंगातून गेला, की हिशेब जुळत नाही, आणि फरक तीस मिलिअँपपर्यंत गेला की ती पडते. बागेची लाइन वेगळी काढून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासली. इन्सुलेशन निदान एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम दाखवायला हवं. इथे आकडा आला सहा हजार. मास्तरांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. २३० भागिले ६०००, म्हणजे ३८ मिलिअँप. "म्हणजे ती बरोबर आहे," म्हणाले. "चूक आपली आहे."

चूक मातीत होती. दोन पदरी वायर, अर्थिंगची तार नाही, पाइप नाही, वीतभर खोल नुसती पुरलेली. जोड पिळून वर काळी टेप. टेप म्हणजे पाणी अडवणारी वस्तू, हा समज कुठून आला देव जाणे. ओल्या मातीत ती एक पाऊसही काढत नाही.

एक स्पाइक लाइट उघडला तर आतून पाऊण वाटी पाणी निघालं. खोक्यावर आयपी ६५ लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि कुठल्याही बाजूने पाण्याची धार मारली तरी चालेल. पाण्यात बुडालेलं चालेल, असं तो आकडा म्हणत नाही. त्यासाठी ६७ लागतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वाटेच्या सखल कडेला खोचलेला दिवा जुलैत तास न् तास डबक्यात उभा असतो.

शिवाय पाणी काचेतूनच शिरतं असं नाही. पेटलेला दिवा तापतो, आतली हवा फुगते. वरून सर आली की दिवा एकदम थंड होतो, हवा आक्रसते आणि दिवा जिथून मिळेल तिथून श्वास ओढतो. ग्लँड, म्हणजे वायर आत शिरते तिथलं बूच, सैल असेल तर तिथून. नाहीतर वायरच्या तारांमधल्या फटींतून, थेट त्या टेपच्या जोडातलं पाणी. म्हणून मला दिव्यापेक्षा जोडाची काळजी जास्त. माझ्या कामात जोड जेल भरलेल्या डबीतच होतो, आणि डबी जमिनीच्या वर असते. ज्याला ती दिसायला नको असते त्याच्याशी मी वाद घालतो.

बागेची सगळी लाइन त्या दिवशी तोडून टाकली. पावसात चर खणायचा नसतो. माती बसत नाही. काम दसऱ्यानंतर करू, तोपर्यंत पडवीतला पिवळा दिवा आणि हातात बॅटरी.

अंधाराची रात्र

निघायला रात्र झाली, माईंनी जेवायला बसवलं. जेवून आम्ही तिघं सोप्यावर येऊन बसलो. फ्लड लागल्यापासून त्या अंगणात पहिल्यांदाच पूर्ण काळोख होता. पाच मिनिटं काहीच दिसेना. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस मिनिटं, अर्धा तासही लागतो. मग हळूहळू तुळस दिसली, विहिरीचा कठडा दिसला, वाटेची फिकट पट्टी दिसली.

आणि मागच्या कोपऱ्यात, भिरंडीवर, काजवे.

पाच-सहाच असतील. माई उठून उभ्या राहिल्या. "मला वाटलं होतं संपले." संपले नव्हते, दिसत नव्हते. खरं तर त्याहून वाईट चाललं होतं: काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना मारलेली हाक, आणि शंभर वॅटच्या पांढऱ्या झोतात ती हाक पोचतच नाही.

मी नवीन कामाचा आराखडा एरवी कागदावर दिव्यांच्या खुणा करून सुरू करतो. इथे पहिल्यांदा उलटं केलं. कागदावर आधी काळं केलं: भिरंडीचा कोपरा, माडांची ओळ, आणि पश्चिमेचा सगळा गडगा. इथे दिवा नाही. मग उरलेल्या जागेत मास्तरांना विचारलं, रात्री तुमचा पाय कुठे कुठे पडतो? उत्तर छोटं होतं. पायऱ्या, वाट, फाटक, विहीर. आणि डोळा कुठे जातो? तुळशीवर, म्हणाले, आणि सोप्यावर बसलं की समोरच्या गडग्यावर. संपली यादी. सव्वीस दिव्यांपैकी एकही या यादीतल्या जागेवर नीट पडत नव्हता.

हॅलोजनचंच बघा. दिवा घराच्या भिंतीवर, तोंड अंगणाकडे. घरातून बाहेर पडणाऱ्याच्या तो पाठीशी येतो, म्हणजे माणसाची स्वतःची सावली नेमकी पुढच्या पायरीवर पडते. माई जिथे पडल्या तिथे मी रात्री उभा राहिलो, त्यांच्या उंचीला वाकलो, आणि पुढची पायरी माझ्याच सावलीत नाहीशी झाली. फाटकातून आत येणाऱ्याला उलट. झोत थेट डोळ्यांत, पायाखाली काय आहे ते कळत नाही. पायरीवर फुरसं बसलेलं असतं तर दोन्हीकडून दिसलं नसतं. वर त्या निळसर पांढऱ्या उजेडावर पाखरं जमायची, पाखरांवर बेडूक यायचे, आणि बेडकांच्या मागून कोण येतं ते गावात कुणाला सांगावं लागत नाही.

काय ठेवलं, कुठे ठेवलं

वाटेला पाच छोटे खांब, गुडघ्याएवढे, साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर. वर टोपी, उजेड फक्त खाली. एक डावीकडे, एक उजवीकडे असे आळीपाळीने, चार-चार मीटरवर. दोन्हीकडे समोरासमोर लावले की वाट विमानतळाच्या धावपट्टीसारखी दिसते. रिसॉर्टवाल्यांना ते आवडतं, मला नाही. प्रत्येक तीन वॅटचा. एवढ्याने भागेल का, असं मास्तरांनी विचारलं. उजेड लक्समध्ये मोजतात; पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास उजेड असतो आणि तेवढ्यात आपण शेताच्या बांधावरून चालत आलोय. वाटेवर पाच-सात लक्स म्हणजे चैन.

पायऱ्यांना प्रत्येकी एक वॅट, पायरीच्या ओठाखाली दडवून. दिवा दिसत नाही, पायरीची कड दिसते. सगळ्या कामात पैशाला सर्वांत जास्त जागलेले दिवे हेच.

फाटकावरचे गोळे काढले. दुधी गोळा अर्धा उजेड आभाळाला देतो. त्याऐवजी खांबाच्या टोपीखाली एक तीन वॅटचा, कडीवर पडणारा. किल्ली लावताना लागतो तेवढा. विहिरीला पत्र्याखालून एक, रहाटावर आणि कठड्यावर. जुलैत पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, तिथे उजेड हवाच. पण माणूस आला तरच. म्हणून त्याला हालचाल ओळखणारा सेन्सर.

मग गडगा. इथे मी थोडा रमलो, कबूल करतो. चिऱ्यावर उजेड टाकायचे दोन प्रकार. दिवा भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब ठेवलात तर भिंत सपाट धुतल्यासारखी दिसते, कागद चिकटवल्यासारखी. तोच दिवा भिंतीच्या पायाशी, वीतभर अंतरावर ठेवून सरळ वर सोडलात तर चिऱ्याचं प्रत्येक भोक, प्रत्येक खडबडी आपली छोटी सावली टाकते आणि दगड जिवंत होतो. रंगाचंही तसंच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात; आकडा कमी तर उजेड पिवळसर, जास्त तर निळसर. हॅलोजनचा ६५०० केल्विनचा उजेड तांबड्या चिऱ्यावर पडला की तो मेलेल्या माशासारखा करडा दिसायचा. २७०० केल्विनचा ठेवला आणि दगडातला तांबडा वर आला. पानांना ४००० बरा दिसतो म्हणतात, हिरवं जास्त हिरवं दिसतं. असेल, पण गोव्याच्या अंगणात चिरा, कौल, माती सगळं तांबडं, तेव्हा मी २७०० च्या वर जात नाही. कीटकही निळ्याकडे जास्त ओढले जातात. २७०० मध्ये निळा अगदीच नसतो असं नाही, पण खूप कमी. सोप्यासमोरच्या, म्हणजे पूर्वेच्या गडग्याला चार-चार वॅटचे तीन दिवे. मधे अंतर मुद्दाम असमान ठेवलं, एका जागी अबोलीचा वाफा आहे तिथे काळोख राहू दिला.

फणसात एक दिवा, सहा मीटर वर, तोंड खाली. पानांतून गाळून तो वाटेच्या कडेला सांडतो. चांदणं पडल्यासारखं वाटतं. खिळा नाही, रबर लावलेला पट्टा, आणि तोही ढिला, कारण खोड जाड होत जातं. वर्षातून एकदा भोक एक घर पुढे सरकवायचं.

माडांना काही नाही. मुलाने फोनवर विचारलं, माडाला खालून वर एक तरी द्या ना, हॉटेलात किती छान दिसतं. दिसतं खरं. पण पंधरा मीटर उंच खोडावर सोडलेला उजेड शेंड्याच्या पलीकडे आभाळातच जातो, आणि बुंध्याशी ठेवलेला दिवा म्हणजे नारळ पडायची जागा. नुसतं चुडत, म्हणजे वाळलेली झावळीच, एवढी जड असते की चांगला पितळी दिवाही वाकवतं. पट्टी उतरवली, खिळे उपटले. पाडेल्याने पुढच्या खेपेला त्या माडावरचे सगळे नारळ एकदम काढले.

तुळशीला दोन वॅट. वृंदावनाच्या पायाशी नाही, पडवीच्या वाशावरून, अरुंद झोताचा, फक्त वृंदावनावर पडेल असा.

सगळे मिळून पंधरा दिवे, बेचाळीस वॅट. पूर्वीचा हिशेब मास्तरांनीच मांडला. फ्लड रात्रभर, बाकीचे पाच तास, असं धरून रात्रीला दीड युनिटाच्या वर, महिन्याला पन्नासच्या जवळ. आता महिन्याला सात युनिटांच्या आत.

सौर दिव्यांबद्दल दोन वाक्यं, कारण सगळे विचारतात. माडाच्या सावलीत त्यांची टिकलीएवढी पाटी भरत नाही आणि जून ते सप्टेंबर तर ऊनच नसतं, म्हणजे ज्या महिन्यांत साप निघतात आणि वाट निसरडी असते नेमके तेव्हा ते मिणमिणतात. उघड्या गच्चीवर लावा, वाटेवर नको.

माझी चूक

मातीतून २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. कोठीच्या खोलीत ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्ट उतरवून दिव्यांना देणारी डबी, तिथून पुढे कमी व्होल्टेज. कुदळ लागली, घुशीने वायर कुरतडली, तरी माणसाला धक्का नाही. माझ्याकडे एका रद्द झालेल्या कामातला १२ व्होल्टचा ड्रायव्हर पडून होता. तो वापरला तर मास्तरांचे दोन-तीन हजार वाचतील असा विचार केला.

चर खणायच्या आधी मी नेहमी सगळं जमिनीवर नुसतं पसरून एक रात्र पेटवून बघतो. दीड चौरस मिलिमीटरची केबल, कोठीपासून फाटकापर्यंत बत्तीस मीटर. बटण दाबलं. पायऱ्या झकास, पहिला खांब चांगला, तिसरा बरा, आणि फाटकाचा दिवा उदबत्तीसारखा. मीटर लावला तर तिथे दहा व्होल्टच पोचत होते.

मास्तर मागे उभे. "ओहमचा नियम तुलाच शिकवला होता ना मी?" गणिताच्या मास्तरांनी विज्ञानही शिकवलं होतं, ते मी विसरलो होतो. हिशेब सोपा आहे. या केबलचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. जायचे बत्तीस आणि यायचे बत्तीस मिळून चौसष्ट मीटर, म्हणजे पाऊण ओहमच्या किंचित वर. १२ व्होल्टवर बेचाळीस वॅट म्हणजे साडेतीन अँपिअर. सगळा भार टोकाला धरला तर २.७ व्होल्ट वाटेतच गेले. बारातले २.७. तेच २४ व्होल्टवर करा: करंट अर्धा, म्हणून घट १.३५, आणि तीही चोविसातली. बावीस टक्क्यांवरून साडेपाच-सहा टक्क्यांवर. दिव्यांना अजून माती लागली नव्हती म्हणून दुकानदाराने २४ व्होल्टचे बदलून दिले. ड्रायव्हर नवीन घेतला. पैसे माझ्या खिशातून.

तो जुना ड्रायव्हर अजून माझ्या फडताळात आहे. कुणाला छोट्या बाल्कनीसाठी हवा असेल तर सांगा.

धातू, चर, आणि खारं वारं

जुन्या स्पाइक लाइटांचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, वर काळा पावडर कोट. दोन पावसाळ्यांत कोट फुगला आणि खाली पांढरी भुकटी. त्यात स्टीलचे स्क्रू, म्हणजे दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी. ॲल्युमिनियम खाऊन टाकलं आणि स्क्रू असे जाम झाले की दिवा उघडायला कापावा लागला. समुद्राजवळ मी पितळ घेतो. काळवंडतं, हिरवट होतं, पण राहतं. स्टीलच हवं तर ३०४ नको, त्यावर चहाचे डाग पडल्यासारखा गंज येतो. ३१६ घ्यावं, त्यात मॉलिब्डेनम असतं. वाटेचे खांब आणि गडग्याचे दिवे पितळी घेतले. आट्यांना व्हॅसलिन लावून ठेवलं.

चर दीड फूट खोल. तळाला वाळू, केबल पाइपात, वर पुन्हा वाळू, आणि त्यावर माळ्यावर पडलेली जुनी फुटकी कौलं आडवी रचली. उद्या कुणी केळ लावायला खणलं तर आधी कौल लागेल आणि हात थांबेल. कुठून केबल गेली त्याचा नकाशा मास्तरांनी स्वतः काढला, गडग्यापासूनच्या मापांसह, पट्टी लावून, आणि मीटरच्या पेटीत चिकटवला. इतका नेटका नकाशा मला म्हापशातल्या कुठल्या बांधकामावर मिळालेला नाही. मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी बोर्डावर सर्जचं, म्हणजे एकदम उसळलेला दाब अडवणारं, यंत्र बसवलं. आरसीसीबी होती तीच ठेवली.

वेळ ठरवायला नुसतं घड्याळ पुरत नाही; नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जुलैत सातनंतर. म्हणून लागायचं काम फोटोसेन्सरवर आणि विझायचं टायमरवर. साडेदहाला गडगा, फणस, तुळस बंद. वाट आणि पायऱ्या त्यानंतर सेन्सरवर, कुणी चाललं तर दोन मिनिटं.

शेजार आणि समुद्र

दोन हॅलोजनपैकी एकाचा झोत शेजारच्या घराच्या निजायच्या खोलीत जायचा. शेजाऱ्यांनी भांडण केलं नाही, खिडकीला निळी ताडपत्री लावली. दोन वर्षं दोन्ही घरांत त्यावर एक शब्द नाही. काम झाल्यावर मास्तर स्वतः जाऊन सांगून आले. ताडपत्री अजून आहे. आता तिच्यावर दोडक्याचा वेल चढलाय.

दुसरा हॅलोजन पश्चिमेकडे तोंड करून होता. खालच्या मोरजीच्या किनाऱ्यावर, आश्वे-मांद्र्याच्या वाळूतही, नोव्हेंबरापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात ती रात्री, आणि सगळ्यांत उजळ क्षितिजाकडे धावतात. एके काळी ते क्षितिज समुद्राचंच असायचं. मास्तरांच्या दिव्याने एखादं पिल्लू वाट चुकलं असं मी म्हणणार नाही. मधे सुरूची रांग आहे, अंतर आहे, आणि किनाऱ्यावरच्या शॅकांचा उजेड कैक पटींनी जास्त. पण आभाळात चढणारा उजेड कुणाचा किती, असं वेगळं काढता येत नाही. पश्चिमेचा गडगा म्हणून काळा ठेवला. मास्तरांनी कारण विचारलं नाही. त्यांनी स्वतः शाळेतल्या मुलांना पिल्लं बघायला मोरजीला नेलं होतं.

तुळशीचं लग्न

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काम संपलं. मजुरीसकट त्रेचाळीस हजार, त्यातला मोठा वाटा दिव्यांचा नव्हे, चर, पाइप आणि केबलचा. मुलगा आला, पहिल्या रात्री म्हणाला, जरा कमीच वाटतंय. दुसऱ्या रात्री काही बोलला नाही. तिसऱ्या रात्री सोप्यावर अकरापर्यंत बसून होता, असं माईंनी सांगितलं.

व्हडल्या दिवाळीला, तुळशीच्या लग्नाला मलाही बोलावणं होतं. वृंदावन रंगवलेलं, ऊस, दिंड्याची काठी, चिंचा-आवळे लावलेले, भोवती पणत्या. माझा वाशावरचा दोन वॅटचा दिवा बरोब्बर वृंदावनावर, जरा अभिमानानेच मी बघत होतो. माई आतून आल्या, पणत्यांकडे बघितलं, वर वाशाकडे बघितलं.

"हा तेवढा बंद कर बघू."

करता येईना. तुळस, फणस आणि गडगा मी एकाच लाइनवर घेतले होते. सगळं बंद केलं तर जमलेल्या बायकांना गडग्याकडच्या पाटावर ठेवलेलं ताट दिसेना. शेवटी मुलाने शिडी आणून दिव्यावर उलटं भांडं टांगलं आणि लग्न लागलं. पणत्यांच्या उजेडात वृंदावनाच्या कोनाड्यातला कृष्ण हलल्यासारखा दिसत होता. दोन वॅटच्या सरळ झोतात तो कधी तसा दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी जाऊन तुळशीच्या दिव्याला वेगळं बटण दिलं, माईंच्या हाताच्या उंचीला, दाराच्या आत. वायर ओढायला वीस मिनिटं लागली. आराखड्याच्या दिवशी विचारलं असतं तर तेवढीही लागली नसती.